वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३, गहुली, जिल्हा यवतमाळ – १८ ऑगस्ट १९७९, सिंगापूर) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, कृषिविषयक धोरणांचे पुरस्कर्ते आणि पुसद नगरपालिकेचे माजी अध्यक्ष होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी सलग मुख्यमंत्रिपद सांभाळले. राज्याच्या स्थापनेपासून इतका दीर्घकाळ हे पद अन्य कोणीही भूषविलेले नाही. संकरित बियाणे, कृषी विद्यापीठे आणि दुष्काळ निवारण यांमुळे त्यांची ओळख शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री अशी झाली. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो.

शेतीच्या या ओळखीमागे त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा महत्त्वाचा भाग काहीसा झाकोळला गेला आहे. महाराष्ट्रातील शहरांची आखणी आजही ज्या कायद्याने होते, तो प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम त्यांच्या कारकिर्दीत झाला. नवी मुंबई वसविणारे सिडको, जलप्रदूषण रोखणारे मंडळ, झोपडपट्टी सुधारणेचा कायदा आणि मुंबई महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण यांचा उगमही त्याच काळातला आहे. जमीन आणि पाणी यांचा वापर सार्वजनिक हिताच्या चौकटीत बसविण्याचा हा व्यापक प्रयत्न होता. त्यातून टिकाऊ संस्था उभ्या राहिल्या, आणि ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे सरकार ओळखले जाई त्याच शेतकऱ्याच्या जमिनीवर शहर उभारण्याचा पेचही निर्माण झाला.

जन्म आणि शिक्षण

वसंतरावांचा जन्म पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा गावी बंजारा समाजात झाला. त्यांचे आजोबा चतुरसिंग राठोड यांनी हे गाव वसविले असे मानले जाते. तांड्याच्या प्रमुखास नाईक म्हणण्याची बंजारा समाजाची रीत आहे. वडील फुलसिंग यांच्याकडे हा मान होता आणि पुढे तेच कुटुंबाचे आडनाव झाले. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या रस्त्यांच्या आगमनानंतर शेतीकडे वळला होता. तांड्यातील शिक्षणाचे प्रमाण त्या वेळी अत्यंत अल्प होते.

वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावांतील शाळांत झाले. उच्च शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. तेथील मॉरिस महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली व १९४० मध्ये कायद्याची पदवी मिळविली. मॉरिस महाविद्यालयाचे रूपांतर पुढे शासकीय कला व समाजविज्ञान संस्थेत झाले आणि या संस्थेला आज वसंतराव नाईक यांचेच नाव आहे. १९४१ मध्ये त्यांचा विवाह नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी झाला. बंजारा आणि ब्राह्मण कुटुंबांमधील हा आंतरजातीय विवाह त्या काळात धाडसाचा होता व त्यास विरोधही झाला.

वकिली आणि पुसद नगरपालिका

शिक्षणानंतर वसंतरावांनी पुसद येथे वकिली सुरू केली. तालुक्याच्या ठिकाणच्या न्यायालयात येणारे बहुसंख्य पक्षकार शेतकरी असत आणि दाव्यांचे मूळ जमिनीत, कर्जात किंवा बांधाच्या वादात असे. जमिनीच्या कायद्याशी त्यांचा परिचय अशा रीतीने व्यवसायातूनच झाला. कृषी मंडळाच्या कामामुळे तालुक्यातील शेतकऱ्यांशीही त्यांचा निकटचा संबंध आला. पुढे ते काँग्रेसमध्ये सक्रिय झाले.

१९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुसद हे पूस नदीच्या काठी वसलेले बाजाराचे गाव. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताशी जोडलेले होते आणि तेथील नगरपालिकांचा कारभार मध्य प्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्यानुसार चाले. पिण्याचे पाणी, गटारे, साफसफाई, दिवाबत्ती आणि रस्ते ही कामे नगरपालिकेकडे असत. उत्पन्न मात्र मर्यादित असे. त्यामुळे लहान गावाच्या गरजा आणि तुटपुंजी साधने यांची सांगड घालण्याचा अनुभव त्यांना राज्याच्या राजकारणात येण्यापूर्वीच मिळाला. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांमध्ये नगरपालिकेच्या कारभाराची अशी प्रत्यक्ष पार्श्वभूमी असलेल्यांत त्यांचा समावेश होतो.

मंत्रिपदे आणि नाईक समिती

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे महसूल खात्याचे उपमंत्रिपद आले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. या राज्यात त्यांनी प्रथम सहकार व नंतर कृषी खाते सांभाळले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. शेतजमिनीच्या धारणेवर कमाल मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा याच काळातील आहे.

जून १९६० मध्ये राज्य शासनाने लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली व तिचे अध्यक्षपद वसंतरावांकडे दिले. ही समिती नाईक समिती म्हणून ओळखली जाते. तिने मार्च १९६१ मध्ये अहवाल सादर केला. देशपातळीवरील बलवंतराय मेहता समितीचा भर गटस्तरावरील पंचायत समितीवर होता. नाईक समितीने मात्र जिल्हा हा विकासाचा प्रमुख घटक मानून जिल्हा परिषदेस अधिक बळ द्यावे, अशी शिफारस केली. तिच्या आधारे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. एखाद्या गावाचा प्रश्न त्या गावाच्या हद्दीत सुटत नाही, त्यासाठी अधिक विस्तृत क्षेत्राचा विचार करावा लागतो, हे सूत्र या अहवालात दिसते. पुढे शहरांच्या बाबतीतही त्यांच्या सरकारने हेच सूत्र वापरले.

मुख्यमंत्रिपद

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले. काही दिवस बाळासाहेब सावंत यांनी हंगामी कारभार पाहिल्यानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. १९६७ आणि १९७२ च्या निवडणुकांनंतरही हे पद त्यांच्याकडेच राहिले.

राज्य त्या वेळी अन्नधान्याच्या टंचाईला तोंड देत होते. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याबाबत स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्यावी, अशा आशयाचे त्यांनी पुण्यात केलेले विधान बरेच गाजले. संकरित ज्वारीचा प्रसार, विहिरी व वीजपंपांना चालना आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे हे या धोरणाचे प्रमुख घटक होते.

दुसरीकडे शहरे झपाट्याने वाढत होती. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१.५ लाख होती. १९७१ मध्ये ती ५९.७ लाखांवर पोहोचली. गावाकडील नापिकी आणि शहरातील गर्दी हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे होते.

नगररचना कायदा

मुंबई प्रांतात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा. त्याची जागा १९५४ च्या कायद्याने घेतली व स्थानिक संस्थांना विकास योजना तयार करणे बंधनकारक झाले. परंतु ही योजना नगरपालिकेच्या हद्दीपुरतीच असे. हद्दीबाहेर उभे राहणारे कारखाने, वस्त्या आणि रस्ते तिच्या कक्षेत येत नसत. शिवाय विदर्भ व मराठवाडा हे विभाग वेगवेगळ्या राज्यांतून आलेले असल्याने तेथील कायदेही वेगळे होते.

ही विसंगती दूर करण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ संमत झाला. तो ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. या कायद्याने नियोजनाचे दोन प्रमुख स्तर निश्चित केले. पहिला स्तर प्रादेशिक योजनेचा आणि दुसरा शहराच्या विकास योजनेचा. विकास योजना करताना प्रथम जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा तयार करावा लागतो. त्यानंतर शाळा, उद्याने, रुग्णालये, बाजार व रस्ते यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. प्रारूप योजना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात आणि अखेर शासनाची मंजुरी घेतली जाते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देऊन आरक्षण संपुष्टात आणण्याचा मार्गही कायद्यात ठेवला गेला. पुढे अनेक शहरांतील उद्याने व मैदाने या तरतुदीमुळे हातची गेली, कारण संपादनासाठी लागणारा पैसा नगरपालिकांकडे नव्हता.

पर्यावरणाच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व त्याच्या प्रादेशिक योजनेविषयीच्या कलमांत आहे. निसर्गरम्य स्थळे, वने, वन्यजीव आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे जतन, जमिनीची धूप रोखणे, वनीकरण, नद्या व तलावांच्या काठांची सुधारणा, पूरनियंत्रण आणि नद्यांचे प्रदूषण रोखणे हे विषय प्रादेशिक योजनेत अंतर्भूत करता येतील, असे त्यात नमूद आहे. मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोम परिषद जून १९७२ मध्ये झाली. त्याआधी सहा वर्षे महाराष्ट्राच्या कायद्यात या विषयांची दखल घेतली गेली होती.

याच सुमारास महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ संमत झाला व १९६७ पासून लागू झाला. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नगरपालिकांचे वेगवेगळे कायदे रद्द होऊन सर्वांसाठी एकच कायदा आला. पुसद व यवतमाळसारख्या वऱ्हाडातील नगरपालिकाही त्याच्या कक्षेत आल्या.

मुंबई महानगर प्रदेश आणि नवी मुंबई

मुंबईची वाढ बेटावर सामावणे अशक्य आहे, याची जाणीव राज्य स्थापनेपूर्वीच झाली होती. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या भूभागाचा विकास करण्याची शिफारस केली. १९६५ मध्ये नाईक सरकारने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबई–पनवेल आणि पुणे या परिसरांचे प्रादेशिक नियोजन हा तिचा विषय होता. समितीने उद्योगांचे विकेंद्रीकरण व प्रादेशिक नियोजन मंडळांची स्थापना सुचविली. याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मार्ग या नियतकालिकातून मांडली.

१९६७ मध्ये, नवा कायदा लागू झाल्यानंतर, मुंबई महानगर प्रादेशिक नियोजन मंडळ स्थापन झाले. मंडळाने १९७० मध्ये प्रारूप योजना सादर केली व मुंबईच्या पूर्वेस जुळ्या शहराची शिफारस केली. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, अस्तित्वात आले. तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले.

नव्या शहराची रचना एका मध्यवर्ती बाजारपेठेभोवती नव्हती. रेल्वे व रस्त्यांनी जोडलेल्या अनेक उपनगरांची ती मालिका होती. प्रत्येक उपनगरात घरे, शाळा, दुकाने व रोजगार जवळजवळ असावेत, असा हेतू होता. सार्वजनिक मालकीची जमीन विकसित करून तिच्या विक्रीतून रस्ते, पाणी व गटारे यांचा खर्च भागवावा, हे सिडकोचे आर्थिक सूत्र होते. वाशी येथील खाडीपूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. रेल्वे वाशीपर्यंत पोहोचण्यास मात्र १९९२ उजाडले. रेल्वेच्या या विलंबामुळे नोकऱ्यांचे स्थलांतर अपेक्षेइतके झाले नाही.

मुख्यमंत्रिपदाच्या अखेरच्या काळात महानगर प्रदेशासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७५ रोजी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले.

भूसंपादनाचा प्रश्न

नवी मुंबईसाठी निश्चित झालेली ९५ गावे ओसाड नव्हती. तेथे आगरी व कोळी समाजाची वस्ती होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर त्यांचा चरितार्थ चाले. भूसंपादन मुख्यतः १८९४ च्या कायद्यानुसार झाले. त्या कायद्यात मोबदला जमीनमालकाला मिळे. कूळ, मिठागरावरील मजूर किंवा खाडीत जाळे टाकणारा कोळी यांच्या उपजीविकेची भरपाई करण्याची पुरेशी तरतूद त्यात नव्हती. शेतजमिनीच्या दराने घेतलेली जमीन विकसित होताच तिचे मोल कितीतरी पटींनी वाढले आणि त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा नव्हता.

या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना पुढे लागू झाली, ती याच लढ्याचे फलित होय. या घटना वसंतरावांच्या निधनानंतरच्या असल्या तरी त्यांचे बीज मूळ आखणीत होते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर सहा वर्षांनी आला. जमीन घेण्याची यंत्रणा आधी व पुनर्वसनाची यंत्रणा नंतर, हा क्रम त्यांच्या काळातील नियोजनाचा सर्वांत मोठा दोष ठरला.

बॅकबे, जुन्या इमारती आणि झोपडपट्ट्या

मुंबईचा भार पूर्वेकडे वळविण्याचे धोरण एका बाजूने आखले जात असताना दक्षिण मुंबईत बॅकबे येथे समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट व कफ परेड हे भाग विकसित होत होते. तेथील उंच कार्यालयीन इमारतींमुळे रोजगार पुन्हा बेटाच्या दक्षिण टोकालाच एकवटला. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेशी हे विसंगत होते आणि नियोजनकारांनी त्यावर सातत्याने टीका केली. भूखंडांचे वाटप जाहीर लिलावाविना झाल्याचा आक्षेप घेऊन पिलू मोदी व इतरांनी त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. नाईक सरकारच्या नगरविकास धोरणातील हा सर्वाधिक वादग्रस्त भाग मानला जातो.

शहरातील जुन्या चाळींची दुरवस्था लक्षात घेऊन १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करण्यात आला. भाड्याच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्तीचा खर्च करण्याची पद्धत त्याने सुरू केली. १९७१ मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम झाला. झोपड्या पाडणे हाच एक उपाय, ही जुनी दृष्टी यामुळे काही प्रमाणात बदलली. आहे त्या ठिकाणी नळ, शौचालये, गटारे व दिवे देण्याचा मार्ग खुला झाला आणि १९७३ मध्ये त्यासाठी झोपडपट्टी सुधारणा मंडळाचा कायदाही करण्यात आला.

जलप्रदूषण प्रतिबंध

१९६० च्या दशकात कल्याण–अंबरनाथ आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यांत रासायनिक उद्योग वाढले. त्यांचे सांडपाणी उल्हास नदीत व ठाणे खाडीत जात असे. १९६९ मध्ये महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम संमत झाला. त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी जलप्रदूषण प्रतिबंधक मंडळ स्थापन झाले. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी मंडळाची संमती घेणे, पाण्याचे नमुने तपासणे आणि उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई करणे ही या व्यवस्थेची मुख्य अंगे होती.

केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी आला. स्वतःचा कायदा असल्याने महाराष्ट्राने केंद्रीय कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. वसंतरावांच्या काळातील मंडळच पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या नावाने हवा, ध्वनी व घनकचरा यांविषयीचेही काम पाहू लागले. कायदा वेळेवर झाला असला तरी नद्यांची स्थिती सुधारली नाही. उद्योगांबरोबरच खुद्द नगरपालिकांचे सांडपाणी प्रक्रियेविना नद्यांत जात राहिले आणि सांडपाणी शुद्ध करण्याइतका निधी बहुतेक नगरपालिकांकडे नव्हता.

दुष्काळ, मृदसंधारण आणि वने

१९७२ च्या दुष्काळात राज्याच्या मोठ्या भागातील खरीप व रब्बी हंगाम वाया गेले. शासनाने लोकांना अन्न फुकट वाटण्याऐवजी कामे देण्याचे धोरण स्वीकारले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक या कामांवर होते. सुरुवातीस खडी फोडण्याची कामे फार होती. पुढे पाझर तलाव, नालाबंदिस्ती, शेतातील बांधबंदिस्ती आणि विहिरी यांवर भर आला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची योजना याच काळात राज्यभर राबविली जाऊ लागली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. शहरातील पगारदारांच्या या कराचा पैसा रोजगार हमीकडे वळविण्यात आल्याने खेड्यातील मृदसंधारणाचा काही भार शहरांनी उचलला.

वनांच्या बाबतीत धोरण दुहेरी होते. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा समावेश झाला. तर १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाचा भर सागवानाच्या लागवडीवर होता. नैसर्गिक मिश्र वन तोडून एकाच जातीची झाडे लावण्याच्या या पद्धतीवर पुढे पर्यावरण अभ्यासकांनी टीका केली.

यवतमाळ जिल्हा

कापूस हे यवतमाळ जिल्ह्याचे मुख्य पीक, आणि ते बहुतांशी पावसावर अवलंबून. पुसदजवळ पूस नदीवर बांधलेले धरण १९७१ मध्ये पूर्ण झाले. त्याने शेतीबरोबरच पुसद शहराच्या पाण्याचीही सोय केली. पैनगंगेवरील इसापूर धरण वसंतरावांच्या निधनानंतर, १९८२ मध्ये पूर्ण झाले. पुसद तालुक्यातील गावेही त्याच्या जलाशयात बुडाली. लाभक्षेत्राचा मोठा भाग मात्र नांदेड व हिंगोलीकडे, तसेच उमरखेडच्या बाजूला आहे. नवी मुंबईतील शेतकऱ्यांप्रमाणेच येथेही विकासाचा लाभ व त्याची किंमत वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला आली.

अखेरची वर्षे

२० फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले व शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. १९७७ मध्ये देशात काँग्रेसचा पराभव झाला, तरीही वसंतराव वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

वसंतरावांच्या काळातील नगररचना व पर्यावरणविषयक कार्याचे महत्त्व त्यांच्या सरकारने उभारलेल्या संस्थांच्या दीर्घायुष्यात आहे. १९६६ चा नगररचना अधिनियम अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. सिडकोने पुढे औरंगाबाद, नाशिक व नांदेड येथेही वसाहती उभारल्या. नियोजन शहराच्या वेशीपाशी थांबू शकत नाही, नदीला नगरपालिकेची हद्द कळत नाही आणि गावातील दुष्काळ शहराच्या वस्तीत येऊन पोहोचतो, ही जाणीव या कायद्यांच्या मुळाशी होती.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कायद्यांनी नगरपालिकांवर मोठ्या जबाबदाऱ्या टाकल्या. त्या पेलण्याइतका महसूल त्यांना दिला नाही. नव्या शहराची आखणी बारकाईने झाली, पण ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहिले त्यांचा विचार त्या आखणीत अपुरा होता. बॅकबेच्या भरावाने सरकारच्याच योजनेला छेद दिला.

वारसा

परभणीच्या कृषी विद्यापीठाला व यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. पाणलोट क्षेत्राचा विकास हे कार्यक्षेत्र असलेले राज्याचे स्वतंत्र जलसंधारण खाते त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ मध्ये सुरू झाले. सुधाकररावांचा स्मृतिदिन, १० मे, राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. गहुलीच्या या घराण्याशी संबंधित असे दोन दिवस राज्याच्या दिनदर्शिकेत आहेत. एक शेतीचा, दुसरा पाण्याचा.